लॉट नंबर

रुवीत, चपलांच्या दुकानाला खेटून माझं दुकान.
पाटीवर अरबी मोठं, इंग्रजी बारीक,
मराठी फक्त आत, उधारीच्या वहीत.

बाहेर शेचाळीस. शटरला हात लावला तर चटका.
आत मी लोकर रचतो.
"ह्या उन्हात कोण घेतं रे ती?"
गावाहून फोन आला की पहिलं हेच.
घेतात.
लिसम्मा घेते, रात्रपाळीची नर्स,
आयसीयूतल्या एसीत पेशंटच्या आधी तीच गारठते.
जुवैना येते अल हमराहून, नातवांच्या टोप्यांसाठी:
"वर डोंगरात जानेवारीत पाणी गोठतं, सदीक,
तुला समुद्रकाठच्याला काय कळणार?"
मी समुद्रकाठचा नाही, हे सांगायचं राहूनच जातं.
मी इचलकरंजीचा.
मागांच्या खडखडाटात झोपलेला,
तो थांबला की दचकून जागा झालेला.

अण्णांनी जन्मभर उभा धागा पाहिला, आडवा धागा पाहिला.
मागच्या सुट्टीत मी विणलेला मफलर त्यांच्या हातात दिला.
उलटा केला, सुलटा केला, कड ओढून पाहिली.
"एकाच धाग्याचं? एक टोक घावलं की संपलं की रं."
आणि गळ्यात घालून बसले,
मे महिन्यात.

विणायला मला गिऱ्हाइकांनीच शिकवलं.
काउंटरखाली विणतो. पुरुष आत आला की सुया खाली,
बाई आली की वर.
दोन सुलट, दोन उलट, मध्येच कुणी बटणं मागतं,
परत आलो की कुठं होतो ते आठवत नाही.
टाका गळला तर लिसम्मा विणकाम न बघता ओळखते.
म्हणते, तोंडावर दिसतं तुझ्या.

मारिसेल यायची पगाराच्या दुसऱ्या दिवशी.
मॅडमची मुलं गाडीत, गाडी चालू, हातात चार मिनिटं.
पिवळी लोकर. नऊ गुंडे लागणार, पैसे दोनांचे.
"नऊही बाजूला ठेव. लॉट एकच पाहिजे."
बरोबर होतं तिचं.
कंपनी छापते रंग एकच, पण कढई बदलली की
ट्यूबलाइटखाली नाही, उन्हात कळतं.
मी पिशवी बांधली, वर चिठ्ठी डकवली:
मारिसेल, ४४१७.
फेब्रुवारीत दोन. मार्चमध्ये दोन.
एप्रिलमध्ये एकच, त्यातही तीनशे बैसा कमी.
मुलगी रांगत होती तेव्हा ही विमानात बसली,
म्हणून माप अंदाजाने.
काउंटरच्या कडेवर वीत टेकवायची
आणि दर महिन्याला एक बोट वाढवायची:
"आता एवढी असेल."

मेमध्ये आली नाही.
जूनमध्ये त्यांचा ड्रायव्हर आला, शेरदिल बलुची,
काळ्या दोऱ्याचं रीळ घ्यायला.
गेली, म्हणाला. रात्रीच्या विमानाने.
का?
त्याने पंख्याकडे पाहिलं,
सुट्टे पैसे दोनदा मोजले, निघाला.

पिशवीत चार उरले.
ऑगस्टमध्ये एकीने ते खालून ओढून काढले,
हाच पिवळा हवा म्हणून हटून बसली.
म्हटलं, विकलेत.

डिसेंबरात अनोळखी नंबरवरून फोटो.
पत्र्याच्या दारात उभी एक मुलगी, हात वर केलेले,
अंगात पिवळा स्वेटर.
बाह्या वेगळ्या वाटल्या. किंचित फिक्या.
की भास?
खात्री करायला फोन घेऊन दारात उन्हात गेलो.
उन्हात काहीच दिसेना,
काचेत माझीच पाटी, उलटी.
फोटोखाली लिहिलेलं,
तीनशे लक्षात आहेत, सदीक.

एक ते चार दुकान बंद असतं.
शटर अर्धं ओढलं, पिशवी सोडली.
चार गुंड्यांत टोपी होते, मोजे होतात,
लोकर पुरवली तर हातमोजेही.
काउंटरच्या कडेवर वीत टेकवली.
एप्रिलपासून बोटं मोजली, आठ,
मग वाटलं, फोटोतली जरा उंचच होती,
आणि नववं ठेवलं.